गेन्सबाईंच्या कचऱ्याचा वार

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. हे एवढंच एक वाक्य मला शेजारच्या बाईंना सांगायचं होतं. त्यात गुपित नव्हतं, कुणाचा अपमान नव्हता, राजकारण तर अजिबात नव्हतं. तरी ते ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत माझ्या घशात अडकून राहिलं, आणि त्या काळात माझी जी काही दशा झाली ती पाहून डॉक्टरांनी मला कॉफी सोडायला सांगितली. कॉफीचा यात काडीचाही दोष नव्हता.

मी लायल प्रूइट. अलाबामातल्या टॅलबर्ट गावात, नगरपालिकेच्या पाणीखात्यात बिलांच्या टेबलावर बसतो. लोकांना वाटतं त्यांचं बिल मी वाढवतो. मी फक्त छापतो. गावात टॅलबर्ट स्टेट विद्यापीठ आहे, विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ आहे आणि त्या संघाचं नाव आहे 'खेचर'. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने आमचा खेळ आधी पाहिला असावा. आमच्या गल्लीत घरटी निदान दोन तरी सीझनची तिकिटं आहेत. माझी दोन वडिलांकडून आली, पश्चिमेच्या स्टँडमध्ये, खांबाच्या मागे. खांबामुळे पलीकडच्या गोलची रेषा दिसत नाही, पण आमचा संघ तिथवर क्वचितच पोचतो, त्यामुळे तक्रार नाही.

तर ऑगस्टमध्ये शेजारचं रिकामं घर भाड्याने गेलं. सामानाचा ट्रक आला तेव्हा मी व्हरांड्यात बसलो होतो आणि समोरचा बफर्ड केली आपल्या हिरवळीला पाणी घालत होता. बफर्ड म्हणजे शाळेच्या संघाचा निवृत्त मदतनीस कोच. निवृत्त झाल्यापासून तो जास्त कोचिंग करतो. ट्रकमधून एक मुलगा सोफा घेऊन उतरला. सोफ्याचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, आणि त्याला त्याची गरजही दिसत नव्हती. बफर्डच्या हातातली नळी त्याच्याच बुटात पाणी ओतत राहिली.

"लायल," तो रस्ता ओलांडून येऊन कुजबुजला, "अरे, हा लुशस गेन्स आहे!"

राज्यातला पहिल्या नंबरचा डावा टॅकल. डावा टॅकल म्हणजे पुढच्या लाईनवर उभा राहून चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखणारा गडी. फेकणाऱ्याला मागून कोण अंगावर येतंय ते दिसत नाही, त्याची सगळी हाडं या गड्याच्या भरवशावर असतात. आमच्याकडे या जागेवर आजवर जे जे उभे राहिले ते स्वभावाने फार चांगले होते. मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आईला आमच्या गावच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती, आणि तो कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार हे फेब्रुवारीत ठरायचं होतं. अर्ध्या देशाचे कोच ज्याच्या मागे लागलेले, तो मुलगा माझ्या कुंपणापलीकडे राहायला आला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि बफर्डच्या घरातला दिवा चालू होता यावरून त्यालाही लागली नसावी.

दुसऱ्या दिवशी माझी बायको नॅडीन पिवळ्या भोपळ्याचा, ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल घेऊन शेजारी गेली. इथे नवं कुणी आलं की असं काहीतरी घेऊन जातात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. गेन्सबाई दारात आल्या, दोघी हसल्या, कॅसरोल आत गेला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि खेचरांच्या चाहत्यांच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'भरतीची जोरदार सुरुवात!' संध्याकाळच्या आत मला विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयातून फोन आला. किम्ब्रो नावाचा तरुण वकील होता. आवाज इतका मऊ की आधी मला वाटलं कुणीतरी वारलं.

"मिस्टर प्रूइट, तुम्ही सीझनची तिकिटं घेता. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही विद्यापीठाचे हितचिंतक ठरता."

"अर्थात!" मी छाती काढून म्हणालो.

"हितचिंतकाने भरतीच्या मुलाशी किंवा त्याच्या घरच्यांशी संपर्क ठेवायचा नाही. त्यांना काही द्यायचं नाही. त्यांचं कसलंही काम करून द्यायचं नाही."

"म्हणजे हितचिंतकाने हित चिंतायचं नाही?"

"मनात चिंता ना," किम्ब्रो म्हणाला. "त्याला आमची हरकत नाही. आता तो कॅसरोल परत आणता येईल का?"

मी नॅडीनकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझा कॅसरोल संध्याकाळपर्यंत कुणाच्या घरी उरलेला नाही, असं सांग त्या पोराला."

तेव्हा अजून कडक नियमांचे दिवस होते. आता हीच मुलं जाहिराती करतात, हितचिंतक उघड उघड पैसे ओततात आणि कुणी हूं की चूं करत नाही. पण तेव्हा भोपळासुद्धा चालत नव्हता. शेवटी विद्यापीठाने गेन्सबाईंना पत्र पाठवलं की खाल्लेल्या पदार्थाची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यावी, नाहीतर मुलाचं खेळणं धोक्यात येईल. नव्या गावात त्या बाईंना आलेलं पहिलं पत्र हे. नॅडीनने ते ऐकलं आणि ती परसात जाऊन उरलेले सगळे भोपळे उपटून आली.

मग किम्ब्रोने आख्ख्या गल्लीची सभा घेतली. म्हणजे आम्ही बफर्डच्या गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसलो आणि त्याने आम्हाला घाबरवलं. एक चूक झाली तरी मुलगा टॅलबर्टकडून कधीच खेळू शकणार नाही, आणि चूक करणाऱ्याची तिकिटं कायमची जातील. मग दातांचे डॉक्टर स्टॅनफिल यांनी हात वर केला. "ती बाई समोर आली तर हात हलवायचा का?"

किम्ब्रोने विचार केला. "त्यांनी हलवला तर उत्तरादाखल हलवा. आपण होऊन नको. सावधच राहिलेलं बरं."

झालं. त्या दिवसापासून आमची गल्ली गेन्सबाईंनी हात हलवण्याची वाट पाहू लागली. त्या बिचाऱ्या नव्या, जुन्या लोकांनी आधी हात हलवावा म्हणून थांबलेल्या असणार. त्या गाडीतून उतरायच्या, आम्ही सगळे खिळून उभे राहायचो, हात तयार, डोळे त्यांच्यावर. त्या एकदा इकडे एकदा तिकडे बघायच्या आणि मान खाली घालून घरात जायच्या. मिसेस स्टॅनफिल तर बोलायचा मोह नको म्हणून गेन्सबाई दिसल्या की झुडपामागे बसायच्या. वय झालेली बाई, उठताना फार त्रास व्हायचा.

आणि मग कचरा सुरू झाला.

घरमालकाने गेन्सबाईंना सांगितलं असणार की गाडी मंगळवारी येते. पूर्वी यायची. मधे नगरपालिकेने मार्ग बदलले आणि आमची गल्ली गुरुवारात गेली, पण पालिकेच्या वेबसाइटवर अजून मंगळवारच होता. गेन्सबाईंची रात्रपाळी. सोमवारी कामावर निघताना त्या डबा रस्त्याकडेला ठेवायच्या. डबा तिथेच राहायचा, आणि बुधवारी रात्री त्या तो भरलेलाच परत आत ओढायच्या. रात्री पॉसम, म्हणजे मांजराएवढे उंदरासारखे प्राणी, यायचे, झाकण उघडायचे, जेवायचे आणि उरलेलं सगळ्यांच्या हिरवळीवर वाटून टाकायचे. गुरुवारी गाडी भल्या पहाटे येते, आणि गेन्सबाई परतेपर्यंत आम्ही आपापले डबे आत ओढून मोकळे, कारण डबा रस्त्यावर ठेवणं आमच्या गल्लीत असभ्य समजतात. त्यामुळे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. वर पालिकेचा माणूस येऊन त्यांच्या दारावर 'डबा रस्त्यात ठेवू नये' अशी केशरी चिठ्ठी चिकटवून गेला. मी खिडकीतून बघायचो आणि जीभ चावायचो. एक वाक्य होतं हो फक्त.

मी किम्ब्रोला फोन केला. तो म्हणाला, "माहिती हासुद्धा लाभ असू शकतो. सर्वसामान्यांना न मिळणारी माहिती दिलीत, तर तो नियमबाह्य लाभ होईल. मी वर विचारतो."

वर म्हणजे कुठे ते मला कळलं नाही. उत्तर यायला ऑक्टोबर उजाडला. उत्तर असं होतं की, हीच माहिती गावातल्या सगळ्यांना एकदम दिली तर चालेल.

हेझलच्या दुकानात सकाळी गरम बिस्किटं, म्हणजे इथले मऊ गोल पाव, आणि ग्रेव्ही खायला आम्ही जमतो, तिथे मी हा विषय काढला. पण तिथे विषय काढणं म्हणजे वाहत्या नदीत काडी टाकणं. तिथे भरतीवर चर्चा चालू होती, आणि ती माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे.

"भरतीच्या यादीतले तारे कसले मोजता?" बफर्ड म्हणत होता. "या पोराला चार तारे, त्या पोराला पाच. मी मुलाचे घोटे बघतो. घोटा खोटं बोलत नाही."

"दाढा," डॉक्टर स्टॅनफिल म्हणाले. "रागीट माणूस झोपेत दाढा खातो. राग नसेल तर लाईनवर उभं राहून उपयोग काय? या मुलाच्या दाढा मला जरा जास्तच शाबूत वाटल्या."

"त्याच्या दाढा तुम्हाला दिसल्या कुठून?"

"सामान उतरवताना जांभई दिली ना त्याने."

"आणि तुम्ही तुमच्या व्हरांड्यात होतात?"

"दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतलेली आहे," डॉक्टर म्हणाले.

"ते सगळं राहू द्या," मी म्हणालो. "त्या बाईचा कचरा..."

"कोच मेबरी हा खरा कचरा आहे," बफर्डने टेबलावर मूठ आपटली. "तिसऱ्या प्रयत्नाला बारा यार्ड हवेत, आणि हा गडी चेंडू मधून पळवतो! असल्या संघात येऊन तो लुशस करणार काय? भिंतीला टेकून उभा राहणार?"

मेबरी हे खेचरांचे मुख्य कोच, आणि त्यांचं तत्त्वज्ञान गावात सगळ्यांना पाठ आहे. चेंडू फेकणं म्हणजे विश्वास ठेवणं, आणि विश्वास ठेवायची जागा चर्च आहे, मैदान नव्हे. म्हणून आमचा संघ चेंडू पोटाशी धरून पळतो, पडतो, उठतो, पुन्हा पळतो आणि शेवटी लाथ मारून समोरच्यांना देऊन टाकतो. डॉक्टरांच्या मते यात चारित्र्य घडतं. बफर्डच्या मते यात फक्त गुडघे जातात.

"पण भरतीचं एकच तत्त्व आहे," बफर्ड बोट उगारून म्हणाला. "मुलगा जिंकायचा नसतो, आई जिंकायची असते. आईच्या मनात भरलं की मुलगा आपला."

"मग तिला कचऱ्याचा वार सांगू या ना!" मी जवळजवळ ओरडलो.

"वेड लागलंय का तुला? नियम मोडला तर तो खेळायचाच नाही. आईला जिंकायचं, पण तिच्याशी बोलायचं नाही."

"कसं?"

"त्यालाच तर कौशल्य म्हणतात," बफर्ड म्हणाला आणि त्याने माझं बिस्किट खाल्लं.

मग मी नगरपालिकेच्या मार्गाने जायचं ठरवलं. माझ्या टेबलाला लागूनच कचराखात्याचं टेबल आहे, आणि तिथे ऑरव्हिल साइड्स बसतो. ऑरव्हिल हा कॉरिंथ टेकचा. कॉरिंथ टेक हे आमचं हाडवैरी विद्यापीठ, तासाभराच्या अंतरावर. माझ्या आणि ऑरव्हिलच्या टेबलांमध्ये एक प्लॅस्टिकचं झाड ठेवलेलं आहे ते मेयरनी स्वतः ठेवलंय. गावभर एक सूचनापत्रक पाठव, एवढंच मी त्याला म्हणालो. त्याने मला तीन आठवडे खेळवलं. आधी लेखी मागणी, मग साहेबाची सही, मग साहेब हरणांच्या शिकारीला, मग 'लायल, खरं सांग, एवढी घाई का रे?' मी खरं सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत टेकच्या चाहत्यांच्या पानावर गेलं असतं. मी म्हणालो, स्वच्छता. तो इतका हसला की झाड हललं.

शेवटी पत्रक निघालं. पालिकेच्या गोदामात त्या वेळी एकाच रंगाचा कागद शिल्लक होता, मोहरीच्या पिवळ्या. तो खेचरांचा रंग आहे. वर पालिकेची मुद्रा होती, आणि मुद्रेत शंभर वर्षांपासून एक खेचर आहे, कारण हे गाव खेचरांनी नांगरलंय. म्हणजे राज्यातल्या पहिल्या नंबरच्या मुलाच्या घरी आमच्या रंगाचा, आमच्या खेचराचा कागद चालला होता, आणि तो पाठवायला लावणारा मी एक नोंदलेला हितचिंतक. किम्ब्रोचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता. "परत घ्या," एवढंच तो म्हणाला.

पत्रकं टपालात पडली होती. मी जेवणाची सुट्टी धरून गल्लीत धावलो आणि गेन्सबाईंच्या पत्रपेटीत हात घातला. नेमकी तेव्हाच टपालवाली वॅन्डा मागून आली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती म्हणाली, "लायल, दुसऱ्याच्या पत्रपेटीत हात घालणं हा केंद्र सरकारचा गुन्हा आहे. हळूच बाहेर काढ. दोन्ही हात दिसू देत." मी दोन्ही हात वर करून माझ्याच गल्लीत उभा राहिलो. पडदे हलत होते. वॅन्डाने पत्रक 'पाठवणाऱ्याला परत' म्हणून गाडीत टाकलं आणि मला समज देऊन गेली, आणि त्यानंतर ख्रिसमसपर्यंत आमचं टपाल ओलंच यायचं.

एवढ्यावर माणूस थांबला असता. मी थांबलो नाही, याचं कारण काही माझा चांगुलपणा नव्हता. सकाळी कामावर जाताना माझ्या बुटाला कोंबडीचं हाड लागायचं. म्हणून मी नॅडीनला म्हटलं, आपण अंगणात उभं राहून एकमेकांशी मोठ्याने बोलू. नवरा-बायकोने आपल्या अंगणात काय बोलावं हे काही नियमात नाही.

"नॅडीन!" मी बुधवारी संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून गर्जना केली. "उद्या वार कोणता गं?"

"तुझं डोकं फिरल्याचा!" नॅडीन म्हणाली. तिला भोपळ्यांचा राग होता.

"उद्या गुरुवार ना! मग उद्या सकाळी आपल्याकडे ती गाडी..."

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि लुशस बाहेर आला. एवढा मोठा मुलगा, पण पायरीवर मांजर येऊन बसल्यासारखा बिनआवाज आला. त्याच्याकडे तोंड करून मी पुढचा शब्द बोललो असतो तर तो थेट संपर्क झाला असता. माझं तोंड उघडं होतं. ते उघडंच राहिलं. मी ते मिटायचा प्रयत्न केला, मग पुन्हा उघडलं, कारण वाक्य अर्धवट होतं.

"सर, तुम्ही ठीक आहात ना?" लुशसने विचारलं.

उत्तर देणं हाही संपर्कच. मी हात वर केला, मग आठवलं की आपण होऊन हात हलवायचा नाही, म्हणून तो खाली घेतला, आणि वळून घरात पळालो. जाताना पायरीवर पडलो. त्यानंतर मी कुंपणाशी आणखी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि दर वेळी असंच झालं. नॅडीनने माझ्याबरोबर अंगणात यायचं सोडलं.

जानेवारीत कोच स्वतः घरी येतात. त्यांना बोलायची परवानगी असते. कोच मेबरी तीन मदतनिसांसह आले तेव्हा गल्लीतले सगळे दिवे बंद होते आणि सगळे पडदे थोडे थोडे उघडे. त्या दिवशी मंगळवार होता. डबा आडवा पडला होता. कोचनी सगळं बघितलं, लांब ढांग टाकून ते डब्यावरून पलीकडे गेले आणि दार वाजवलं. परत निघाले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी त्यांच्या गाडीशी गेलो. कोचशी बोलायला हितचिंतकाला बंदी नाही.

"कोच, एक काम होतं. त्या बाईंना फक्त एवढं सांगा..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रा, मला माहीत आहे तू काय म्हणणार. फेकत का नाही? सगळे तेच विचारतात. पण आम्ही चेंडू बघत नाही, माणूस बघतो. आम्ही मुलगा निवडत नाही, घर निवडतो."

"हो, त्या घराचाच कचरा..."

"जय खेचर," कोच म्हणाले आणि गाडी निघून गेली.

त्याच आठवड्यात कॉरिंथ टेकचा लाईनचा कोच आला. बुटका, टक्कल, भाड्याची गाडी, कोटाला एक बटण नाही. बफर्ड माझ्या घरात पडद्यामागे उभा राहून त्याच्यावर हसला. "हा काय भरती करणार?" तो माणूस आत गेला आणि थोड्याच वेळात परत बाहेर आला. थंडीत रस्त्यावर उभा राहून तो फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. पण बफर्डने आयुष्यभर कोच पाहिलेत. तो म्हणाला, "बघ, मोठ्या कोचशी भांडतोय. त्यांच्यात फूट पडली आहे. संपला टेक." ही बातमी त्या दिवशी चाहत्यांच्या पानावर गेली आणि दोनशे लोकांनी तीवर आपापलं मत दिलं.

आणि गंमत म्हणजे त्याच गुरुवारी, पहाटे, गेन्सबाईंचा डबा रस्त्याकडेला उभा होता. झाकण लावून, सरळ. गाडी आली, डबा रिकामा झाला. मी पायजम्यातच अंगणात गेलो. माझं कुंपणावरचं ओरडणं अखेर पोचलं होतं. हेझलच्या दुकानात मी सगळ्यांना कॉफी पाजली, स्वतः प्यालो नाही, आणि म्हणालो की शिस्तीत राहूनसुद्धा माणूस शेजारधर्म पाळू शकतो. बफर्डने उठून माझ्याशी हात मिळवला. मला बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

फेब्रुवारीत शाळेच्या व्यायामशाळेत सोहळा झाला. टेबलावर तीन टोप्या, मागे फुगे, समोर सगळं गाव. मुलगा ज्या टोपीला हात घालेल ते त्याचं विद्यापीठ. डॉक्टर स्टॅनफिल प्रार्थना करत होते. लुशसने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, आणि त्याने कॉरिंथ टेकची टोपी डोक्यावर घातली. माझ्या शेजारी बफर्ड खाली बसला. खुर्ची नव्हती, तरी बसला.

पुढचे काही दिवस हेझलच्या दुकानात तत्त्वज्ञानाचा पूर आला. बफर्डच्या मते टेकवाले फेकतात म्हणून तो गेला. डॉक्टरांच्या मते टेकमध्ये लाईनवाल्याला हात टेकून न बसता उभं राहू देतात, त्याने मणका वाचतो. कुणी म्हणालं आपली व्यायामशाळा जुनी, कुणी म्हणालं मेबरींचा मदतनीस नोकरी सोडतोय. मी ऐकत बसलो. किम्ब्रोचा फोन आला की मुलगा आता दुसरीकडे बांधला गेलाय, तुम्ही कुणाशीही काहीही बोला. त्याचा आवाज इतका थकलेला होता की मीच त्याचं सांत्वन केलं.

त्या संध्याकाळी मी शेजारी गेलो आणि दार वाजवलं. गेन्सबाई कामाच्या कपड्यात दारात आल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"मिसेस गेन्स, मी लायल प्रूइट. शेजारी राहतो."

"माहीत आहे. तुमच्या बायकोने त्या भाजीची किंमत भरायला लावली होती, युनिव्हर्सिटीकडून पत्र पाठवून."

मी काय काय बोलायचं ठरवून आलो होतो. ते सगळं गेलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "कचऱ्याची गाडी गुरुवारी येते."

"हो. टेकच्या कोचनी सांगितलं."

"कुणी?"

"आले, बसले, आणि खेळाचं अक्षर काढायच्या आधी विचारलं, मॅडम, तुमचा डबा असा का पडलाय? म्हटलं, दर मंगळवारी ठेवते, कुणी नेतच नाही. तर तो माणूस तसाच उठला, बाहेर थंडीत उभा राहून पालिकेतल्या कुणा ऑरव्हिलशी भांडला, आणि आत येऊन म्हणाला, गुरुवार. जाताना अंगणातला कचराही गोळा करून गेला. तुमचे कोच म्हणाले, आम्ही घर निवडतो. घरात येताना डबा ओलांडून आले होते."

"म्हणून लुशस तिकडे..."

"त्याने मला विचारलं, ममा, तू सांग. मी म्हटलं, बाळा, तू पडलास तर कुणीतरी वाकून बघेल अशा ठिकाणी जा. या गल्लीत आम्ही ऑगस्टपासून राहतोय. एका माणसाने गुड मॉर्निंग म्हटलं नाही. एक म्हातारी तर मला बघून झुडपात लपते."

मग मी सगळं सांगितलं. हितचिंतक, गॅरेजमधली सभा, हात हलवायचा नियम, पत्रकं, पत्रपेटी. त्या हाताची घडी घालून ऐकत होत्या.

"नियम मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "येणारा प्रत्येक कोच वाचून दाखवतो. त्यात गुड मॉर्निंग म्हणू नका असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. आम्ही सावध राहिलो."

"म्हणजे तुम्हा लोकांना तो इतका हवा होता?"

"फार हवा होता."

"सगळ्या गल्लीला?"

"सगळ्या गल्लीला."

त्या हसायला लागल्या. रात्रपाळी करून दमलेलं माणूस हसतं तसं, खांदे टेकून, आवाज न करता. मग थांबल्या. "मला वाटलं, नेहमीचंच कारण असेल," त्या म्हणाल्या. "आम्ही काळी माणसं, गोऱ्यांच्या गल्लीत. आम्हाला बघून लोक गप्प होतात ते. मी लुशसला तेच सांगितलं होतं."

मला फार लाज वाटली, आणि त्या बाईंसमोर उभं राहून ती वाटत राहिली.

"पण तुमच्यावर राग नव्हता हं," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला आम्ही वेगळं धरलं होतं. लुशस म्हणाला, ममा, मिस्टर लायलना काहीतरी आजार आहे. कुंपणाशी येतात, तोंड उघडतात, शब्द फुटत नाही आणि पळून जातात. दर रविवारी चर्चमध्ये तुमचं नाव घेऊन प्रार्थना करतो आम्ही. सगळं चर्च करतं." त्यांनी पुढे वाकून माझे डोळे पाहिले, नर्स पाहते तसे. "आता कसं आहे? लपवू नका."

"आता बरं आहे," मी म्हणालो. "बोलता येतंय."

"मग बोला," गेन्सबाई म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.